हल्ल्याचा हुकूम आणि गुन्ह्याची जबाबदारी

युद्धालाही कायदा असतो असे म्हटले की ऐकणारा प्रथम हसतो. जिथे माणसे मारण्यासाठीच माणसे गोळा केली जातात तिथे कायद्याचे काय काम, असा त्याचा सवाल असतो. आणि तो सवाल अगदीच वेडगळ आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु कायदा आहे ही वस्तुस्थिती आहे. तो कलमवार लिहिलेला आहे, जगातील बहुतेक राष्ट्रांनी कमीअधिक प्रमाणात तो मान्य केलेला आहे, आणि त्याच्या भंगाबद्दल सेनापतींना जन्मठेप झाली आहे, फाशीही झाली आहे. तेव्हा कायदा असावा की नसावा हा वाद बाजूला ठेवून आज आपण त्याच्या एका अवघड कोपऱ्यात शिरू. प्रश्न असा की, सेनापतीने हल्ल्याचा हुकूम दिला आणि त्या हल्ल्यात निरपराध माणसे मेली, तर तो सेनापती गुन्हेगार केव्हा ठरतो आणि केव्हा ठरत नाही?

सोपी उदाहरणे आधी बाजूला काढू. शरण आलेल्या कैद्यास गोळी घातली, गावातील लोकांना रांगेत उभे करून मारले, तर तिथे वादास जागाच नाही. महाभारतातील सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. आपण कोणाला मारतो आहोत आणि कोणत्या स्थितीत मारतो आहोत, हे त्याला पुरते ठाऊक होते. अशा कृत्याला गुन्हा म्हणण्यास मोठ्या कायदेपंडिताची गरज लागत नाही. खरी अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. शत्रूचा दारूगोळ्याचा साठा आहे, पण त्याच्या शेजारी चाळ आहे. पुलावरून शत्रूच्या तोफा जाणार आहेत, पण त्याच पुलावरून गावकरीही जातात. हुकूम देणारा अधिकारी मैलोगणती दूर आहे, त्याच्यापुढे आहे तो एक नकाशा, एक धूसर चित्र आणि एका खबऱ्याचा निरोप. निर्णयाला अर्धा तास आहे. अशा वेळी झालेल्या मृत्यूंना आपण अपघात म्हणायचे, चूक म्हणायचे, की खून म्हणायचे?

ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी कायदा काय मागतो ते पाहिले पाहिजे. १९४९ च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली एक पुरवणी करार जोडण्यात आला, आणि हल्ल्याविषयीचे नियम त्यात सर्वांत स्पष्टपणे आले. पसारा बाजूला सारला तर त्यांत तीन सूत्रे उरतात. पहिले भेदाचे सूत्र: हल्ला करावयाचा तो सैनिकांवर आणि लष्करी उपयोगाच्या वस्तूंवर, नागरिकांवर नव्हे. दुसरे प्रमाणाचे सूत्र: लक्ष्य लष्करी असले तरी त्यापासून जो प्रत्यक्ष लष्करी लाभ अपेक्षित असेल त्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होईल अशी अपेक्षा असेल, तर तो हल्ला करता येत नाही. तिसरे सावधगिरीचे सूत्र: हल्ल्यापूर्वी लक्ष्य खरोखर लष्करी आहे ना ह्याची शक्य तेवढी सर्व खातरजमा करावी, कमीत कमी हानी होईल असे साधन निवडावे, परिस्थितीनुसार शक्य असेल तर लोकांना आगाऊ इशारा द्यावा, आणि अंदाज चुकला असे दिसताच हल्ला थांबवावा.

ह्या तीनही सूत्रांत एक गोष्ट समान आहे, ती ध्यानात घ्यावी. कायदा ‘किती माणसे मेली’ असे प्रथम विचारीत नाही. ‘किती मरतील अशी अपेक्षा होती’ असे तो विचारतो. म्हणजे त्याची नजर परिणामावर नसून निर्णयावर आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी दगावला म्हणून आपण शल्यवैद्याला खुनी म्हणत नाही. त्याने रोग्याला नीट तपासले होते काय, दुसरा मार्ग होता काय, हे विचारतो. उलट, अडाणीपणाने केलेली शस्त्रक्रिया दैवयोगाने यशस्वी झाली म्हणून तो वैद्य शहाणा ठरत नाही. सेनापतीच्या बाबतीतही हेच आहे. एकही नागरिक न मरता हल्ला बेकायदा असू शकतो, आणि दुर्दैवाने पुष्कळ नागरिक मरूनही तो कायदेशीर असू शकतो. हे वाक्य ऐकावयास कठोर लागते. पण ते समजल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही.

निर्णय तपासायचा म्हणजे तो कोणाच्या डोळ्यांनी तपासायचा? ह्या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले प्रसिद्ध उत्तर न्युरेंबर्ग येथे १९४८ साली आले. जर्मन सेनापती लोथार रेंडुलिक ह्याच्याकडे १९४४ च्या शरदऋतूत नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील सैन्याचे आधिपत्य होते. फिनलंडने रशियाशी युद्धबंदी केल्यावर जर्मन सैन्य फिनमार्क प्रांतातून माघार घेऊ लागले. पाठीमागून रशियन सैन्य येणार ह्या धास्तीने रेंडुलिकने प्रांतातील लोकांना हुसकावून लावले आणि घरे, पूल, रस्ते, बंदरे, सारे उद्ध्वस्त केले. आर्क्टिक हिवाळा तोंडावर असताना हजारो लोक बेघर झाले. आणि प्रत्यक्षात रशियनांनी त्या मुलखात तसा पाठलाग केलाच नाही. म्हणजे मागाहून पाहता हा सारा विध्वंस अनावश्यक होता.

न्यायालयाने ह्या आरोपातून रेंडुलिकला मुक्त केले. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आज आपल्याला जे दिसते त्यावरून त्याचा न्याय करणे योग्य नव्हे. त्या वेळी त्याला जे दिसत होते त्यावरून करावयास हवा. उपलब्ध माहितीवरून विध्वंस लष्करीदृष्ट्या निकडीचा आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटू शकत होते. निर्णयात त्याची चूक झाली असेल, पण ती चूक म्हणजे गुन्हा नव्हे. (इतर आरोपांखाली त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, हेही सांगितले पाहिजे.) तेव्हापासून ‘रेंडुलिकचा नियम’ म्हणून हे तत्त्व ओळखले जाते. पुढे १९७७ च्या पुरवणी करारास मान्यता देताना ब्रिटनसारख्या काही राष्ट्रांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे नोंदवून ठेवली: अधिकाऱ्याचा निर्णय त्या वेळी त्याला रास्तपणे उपलब्ध असलेल्या माहितीवरूनच तोलला जावा.

हा नियम न्याय्य आहे असेच आमचे मत आहे. घटना घडून गेल्यावर शहाणपण सर्वांनाच येते. उद्याच्या ज्ञानाने कालच्या माणसाला फासावर द्यावयाचे ठरवले, तर कोणताच सेनापती ह्या कायद्याकडे वळूनही पाहणार नाही. जे पाळणे माणसाच्या हातात नाही ते तो पाळण्याचा प्रयत्नही सोडून देईल. परंतु ह्या नियमाच्या पोटात एक धोकाही आहे. न्यायालय अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी पाहील हे एकदा ठरले, की डोळे मिटून घेणाराचे फावते. ज्याने चौकशी केली त्याला अधिक माहिती झाली, म्हणून तो अधिक बांधला गेला. ज्याने चौकशीच केली नाही तो अज्ञानाच्या आडोशाला सुरक्षित राहिला. हे होऊ द्यावयाचे नसेल तर ‘काय माहीत होते’ ह्याच्या जोडीला ‘काय माहीत करून घ्यावयास हवे होते’ हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. आमच्या आजच्या विवेचनाचा सारा भार ह्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

तो प्रश्न किती अवघड आहे हे पाहण्यासाठी एक अलीकडील प्रकरण जरा सविस्तर पाहू. अफगाणिस्तानच्या उत्तरेकडील कुंदुझ प्रांतात परकीय फौजांपैकी जर्मन तुकडीचा तळ होता आणि कर्नल गेओर्ग क्लाइन हे त्याचे प्रमुख होते. ३ सप्टेंबर २००९ रोजी तालिबानांनी इंधनाचे दोन टँकर पळवले. नदी ओलांडताना ते टँकर वाळूच्या बेटावर रुतले. ही जागा जर्मन तळापासून सुमारे सात किलोमीटर होती. टँकर निघत नाहीत असे पाहून त्यांतील इंधन सोडण्यात आले, आणि आसपासच्या गावांतील लोक फुकट इंधन नेण्यासाठी रात्रीच तिथे जमले.

तळावरील नियंत्रणकक्षात काय दिसत होते? वर घिरट्या घालणाऱ्या विमानांतून उष्णतेची छायाचित्रे येत होती. त्यांत टँकर दिसत होते आणि त्यांच्याभोवती हलणारे पुष्कळ ठिपके दिसत होते. ठिपका म्हणजे माणूस, एवढे कळत होते. त्याच्या हातात बंदूक आहे की डबा, हे कळत नव्हते. दुसरा आधार होता एका खबऱ्याचा. तो फोनवरून निरोप देत होता आणि पुन्हापुन्हा विचारल्यावरही तिथे केवळ बंडखोर आहेत, नागरिक नाहीत, असेच सांगत होता. हे टँकर आपल्या तळावर आणून फोडतील, अशी भीती कर्नलला होती. अमेरिकन विमानांच्या चालकांनी सुचवले की, बाँब टाकण्याआधी आम्ही खाली उतरून जोराने घिरटी घालतो, म्हणजे लोक पांगतील. कर्नलने ते नाकारले. ४ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास पाचशे पौंडी दोन बाँब टाकण्यात आले.

मृतांचा आकडा निरनिराळ्या चौकश्यांत निरनिराळा आला. जर्मन सरकारने पुढे ९१ मृतांच्या कुटुंबांना आणि ११ जखमींना प्रत्येकी पाच हजार डॉलर दिले. मात्र कायदेशीर जबाबदारी मान्य करून नव्हे, तर मदत म्हणून. जर्मनीत ह्या प्रकरणाने मोठी खळबळ माजली. सेनाप्रमुखांनी पद सोडले, आणि घटनेच्या वेळी जे संरक्षणमंत्री होते त्यांना नव्या मंत्रिमंडळातील आपल्या खात्याचा राजीनामा द्यावा लागला. नव्या संरक्षणमंत्र्यांनी हा हल्ला लष्करीदृष्ट्या योग्य होता असे आधी सांगितले, आणि महिन्याच्या आत तो योग्य नव्हता असे लोकसभेत सांगितले.

पण फौजदारी कायद्याने काय केले? एप्रिल २०१० मध्ये जर्मनीच्या संघीय सरकारी वकिलाने तपास बंद केला. कारण असे की, युद्धगुन्ह्यांसंबंधी जर्मन कायद्याप्रमाणे नागरिकांची अवाजवी हानी होणार हे हल्ला करणाराने निश्चितपणे अपेक्षिलेले असले पाहिजे. आणि कर्नलची तर अशी समजूत होती की तिथे नागरिक नाहीतच. ही समजूत खोटी ठरली, पण तिच्या खरेपणाविषयी शंका घेण्यास आधार नव्हता. ह्या हल्ल्यात ज्याचे दोन मुलगे मेले अशा एका पित्याने पुढील दहा वर्षे दाद मागितली. जर्मन न्यायालयांत यश आले नाही, तेव्हा तो स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील मोठ्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, मृत्यूंचा तपास करण्याचे जर्मनीचे कर्तव्य होते आणि ते तिने पुरेसे पार पाडले; हक्कभंग झालेला नाही.

श्रोतेहो, ह्या निकालांपैकी एकही निकाल कायद्याला सोडून आहे असे आम्ही म्हणत नाही. तरीपण त्या पित्याच्या बाजूने एक साधा प्रश्न उभा राहतो. आपल्या गावातील एखाद्या लॉरीवाल्याने बेफिकिरीने गाडी हाकली आणि रस्त्यावरचे पोर चिरडले, तर ‘मुलगा दिसला नाही’ एवढे सांगून तो सुटत नाही. का दिसला नाही, दिवा होता काय, वेग किती होता, असे त्याला विचारले जाते आणि हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल त्याला तुरुंगात जावे लागते. पूर्वीच्या भारतीय दंडविधानात ह्यासाठी ३०४ अ हे कलम होते. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. मग लॉरीवाल्याला जे लागू ते सेनापतीला का नाही?

ह्याचे कायदेशीर उत्तर असे आहे. सावधगिरी न बाळगणे हा युद्धाच्या नियमांचा भंग खराच; त्याबद्दल राष्ट्र जबाबदार धरले जाऊ शकते, अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण नियमाचा प्रत्येक भंग म्हणजे युद्धगुन्हा नव्हे. युद्धगुन्ह्यासाठी आरोपीच्या मनाची विशिष्ट स्थिती सिद्ध व्हावी लागते. १९७७ चा पुरवणी करार ती ‘जाणूनबुजून’ आणि ‘अवाजवी हानी होईल हे माहीत असून’ अशा शब्दांत सांगतो. १९९८ साली रोम येथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्याने तर आणखी एक पायरी वर चढवली: हानी नुसती अवाजवी असून भागत नाही, ती एकूण अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने ‘उघडपणे’ अवाजवी असावी लागते, आणि आरोपीला ते माहीत असावे लागते. ही पायरी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. सर्वांत मोठ्या गुन्ह्याचा कलंक नुसत्या हयगयीला लावू नये, हा विचार त्यामागे आहे. तो चुकीचा नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, बेकायदा हल्ला आणि गुन्हेगार माणूस ह्यांच्यामध्ये एक रुंद पट्टा उरतो, आणि पुष्कळसे मृत त्या पट्ट्यातच पडलेले असतात.

मग ह्या कायद्याखाली कोणाला शिक्षाच होत नाही काय? होते. बोस्नियातील युद्धात सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. १९९२ च्या सप्टेंबरपासून १९९४ च्या ऑगस्टपर्यंत वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याचा सेनापती स्तानिस्लाव गालिच हा होता. पाण्यासाठी, भाकरीसाठी बाहेर पडलेल्या माणसांवर डोंगरांतून गोळ्या आणि तोफगोळे पडत. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ साली त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली आणि २००६ साली अपिलात ती जन्मठेपेपर्यंत वाढवली.

ह्या खटल्यातील एक प्रसंग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. १ जून १९९३ रोजी दोब्रिन्या ह्या उपनगरात फुटबॉलचा सामना चालू असताना दोन तोफगोळे पडले. तिथे सैनिकही होते असे बचावपक्षाने दाखवून दिले, आणि ते खरेही होते. न्यायालयाचे म्हणणे असे की, हे सैनिक लक्ष्य आहेत असे धरले तरी, मुलाबाळांसह सुमारे दोनशे लोकांच्या जमावावर असा हल्ला उघडपणेच अवाजवी ठरला असता. ह्याच निकालात एक कसोटीही सांगितली आहे, तिचा भावार्थ असा: त्या जागी असलेल्या, रास्त माहिती असलेल्या आणि हाताशी असलेल्या माहितीचा नीट उपयोग करणाऱ्या समंजस माणसाने नागरिकांची अवाजवी हानी होईल अशी अपेक्षा केली असती काय? ‘नीट उपयोग करणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रेंडुलिकच्या नियमात ज्याला डोळे मिटून बसता आले असते, त्याचे डोळे ह्या शब्दांनी उघडले आहेत. शिवाय ह्या न्यायालयाने असेही धरले की, धोका दिसत असून त्याची पर्वा न करणे, म्हणजे बेदरकारपणा, हा ‘जाणूनबुजून’ ह्या शब्दात येतो; नुसती हयगय येत नाही.

परंतु पुराव्याचे काम सोपे नाही, हेही त्याच न्यायालयात दिसले. क्रोएशियाचा सेनापती आंते गोतोविना ह्याच्या सैन्याने ऑगस्ट १९९५ मध्ये क्निन ह्या गावावर तोफांचा मारा केला. सेनापतीच्या मनात काय होते ह्याचा शोध गोळे कोठे पडले ह्यावरून घ्यावा, असे कनिष्ठ पीठाने ठरवले. लष्करी लक्ष्यापासून दोनशे मीटरच्या पलीकडे पडलेले गोळे हे नागरी भागावरील बेकायदा माऱ्याचे लक्षण मानून, आणि त्याला इतर पुराव्याची जोड देऊन, २०११ साली त्याला चोवीस वर्षांची शिक्षा देण्यात आली. अपिलात न्यायाधीशांनी विचारले की, हे दोनशे मीटर आले कोठून? त्याला आधार सापडेना. तो पाया ढासळताच वरची इमारतही ढासळली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी आरोपी निर्दोष सुटला. पाच विद्वान न्यायाधीश, तोच पुरावा, आणि तरी असा मतभेद! ह्यावरून खड्ड्यांवरून मन वाचणे किती कठीण आहे ते कळते.

दुसरा एक बचाव आपल्या ओळखीचा आहे: ‘वरून हुकूम आला होता.’ पहिल्या महायुद्धानंतर १९२१ साली लाइपझिग येथे जर्मन न्यायालयानेच ह्याचा विचार केला. एका पाणबुडीच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या हुकमाप्रमाणे इस्पितळाचे एक जहाज बुडवले; इस्पितळाच्या जहाजांचा लष्करी कामासाठी गैरवापर होतो असे त्याच्या वरिष्ठांनी त्याला सांगितले होते, म्हणून तो सुटला. पण ‘लँडोव्हरी कॅसल’ ह्या दुसऱ्या इस्पितळी जहाजाच्या प्रकरणात होड्यांत बसून जीव वाचवू पाहणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. असा हुकूम बेकायदा आहे हे कोणालाही कळावयास हवे, असे म्हणून न्यायालयाने दोन अधिकाऱ्यांना चार वर्षांची शिक्षा दिली. हुकूम उघडच बेकायदा असेल तर तो पाळणाराही गुन्हेगार, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. त्याचीच दुसरी बाजू वरिष्ठांची: हाताखालचे लोक गुन्हा करीत आहेत हे ठाऊक असून, किंवा ठाऊक असावयास हवे असून, जो थांबवीत नाही तोही जबाबदार ठरतो. जपानी सेनापती यामाशिता ह्याला १९४६ साली फिलिपीन्समध्ये फाशी झाली ती ह्या तत्त्वाखाली. मात्र त्याचे ज्ञान पुरेसे सिद्ध झाले नव्हते, अशी टीका त्या निकालावर तेव्हाही झाली आणि आजही होते.

इथे कोणी म्हणेल की, हा सारा जेत्यांचा न्याय आहे. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात शहरेच्या शहरे बाँबवर्षावाने जळाली. लंडन जळाले, हँबुर्ग जळाले, टोकियो जळाले, हिरोशिमा आणि नागासाकी राहिलीच नाहीत. पण न्युरेंबर्गला किंवा टोकियोला शहरांवरील हवाई हल्ल्यांबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी केले होते. टोकियोच्या न्यायपीठावर आपले राधाबिनोद पाल होते. अकरा न्यायाधीशांत त्यांनीच सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा निकाल १९४८ साली लिहिला, आणि अणुबाँब टाकण्याच्या निर्णयाकडे बोट दाखवण्यास ते कचरले नाहीत. त्यांच्या सर्व मतांशी सहमत व्हावे असे नाही. परंतु एकाच कृत्याला एका बाजूस गुन्हा आणि दुसऱ्या बाजूस पराक्रम म्हणणारा कायदा फार काळ कायदा म्हणून मान घेऊ शकत नाही, हा त्यांचा धडा आजही ताजा आहे.

आजची स्थिती काय? रोमच्या कायद्याखालील न्यायालय २००२ पासून हेग येथे काम करीत आहे. युक्रेनच्या वीजकेंद्रांवर २०२२-२३ च्या हिवाळ्यात झालेल्या क्षेपणास्त्रांच्या हल्ल्यांबद्दल ह्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर, आणि जून २०२४ मध्ये माजी संरक्षणमंत्री व सेनाप्रमुख ह्यांच्यावर अटकेची वॉरंटे काढली. त्यांतील एक आरोप नागरिकांची अवाजवी हानी केल्याचा, म्हणजे नेमका आपल्या विषयाचाच आहे. वॉरंट म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि रशियाने ह्या न्यायालयाचा अधिकार मानलेला नाही. भारतानेही रोमचा कायदा स्वीकारलेला नाही, १९७७ च्या पुरवणी करारातही भारत सामील नाही. पण १९४९ च्या जिनिव्हा करारांना आपण बांधलेले आहोत. त्यांच्या गंभीर भंगाला शिक्षा देणारा कायदा आपल्या संसदेने १९६० साली केला, आणि संरक्षित व्यक्तीच्या जाणूनबुजून केलेल्या हत्येला त्यात फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. मात्र त्या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यावयाची ती सरकारने फिर्याद केली तरच. म्हणजे किल्ली सरकारच्याच हातात आहे.

आता हे सारे धागे एकत्र आणू. सेनापतीचा न्याय त्याच्या डोळ्यांनी पाहून करावा हे तत्त्व सोडता येणार नाही. ते सोडले तर न्याय राहत नाही, सूड राहतो. हयगयीला युद्धगुन्ह्याच्या पंक्तीला बसवावे असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ‘गुन्हेगार नाही’ ह्या दोन शब्दांवर प्रकरण संपू नये. ज्या पित्याला न्यायालयाने गुन्हेगार दाखवून दिला नाही, त्याला निदान काय झाले, कोणी कोणत्या माहितीवर काय ठरवले, कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, हे उघडपणे सांगितले गेले पाहिजे. आणि भरपाई दया म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळाली पाहिजे. जर्मन लोकसभेने कुंदुझच्या हल्ल्याची स्वतंत्र चौकशी समिती नेमली, ती उगाच नव्हे. सेनेने प्रत्येक हल्ल्याच्या निर्णयाची नोंद ठेवणे, खबर कोणाची, तिची खातरजमा कशी केली, कमी हानीचा उपाय का नाकारला, हे लिहून ठेवणे, ह्याला कारकुनी काम समजू नये. उद्याच्या न्यायालयाला सेनापतीच्या डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर हीच नोंद त्याचा चष्मा आहे. आणि आपली नोंद उद्या वाचली जाणार आहे हे ज्याला ठाऊक आहे तो अधिकारी हुकमापूर्वी एक प्रश्न अधिक विचारतो.

त्या एका प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते. कायद्याची शिक्षा माणसे मेल्यानंतर येते, आणि पुष्कळदा येतही नाही. सावधगिरीचे कलम मात्र त्यांच्या मरणापूर्वीच अधिकाऱ्यापुढे उभे राहते आणि विचारते: तिथे कोण आहे, हे तू खरोखर पाहिलेस काय? ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारे अधिकारी तयार करणे हे सेनेचे काम आहे. आणि ते तयार होत आहेत की नाहीत, हे आपल्या सरकारला विचारणे हे तुमचे-आमचे, म्हणजे नागरिकांचे काम आहे. कारण हल्ला जरी सेनापती करीत असला तरी तो आपल्या सर्वांच्या नावाने केला जातो.